योहान २१: येशू ‘प्रीती’ विचारतो, पेत्र ‘प्रेम’ म्हणतो, असं का?

संडेस्कूलवाली ताई:
रविवारी तरुण संघात बोलायचंय, विषय दिलाय ‘प्रेमाचे प्रकार’. घरातल्या जुन्या मराठी शास्त्रात (बायबलमध्ये) योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय काढला तर येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, दोनदा ‘प्रीती करतोस काय’ विचारतो, पेत्र दोन्ही वेळा ‘प्रेम करतो’ म्हणतो आणि तिसऱ्यांदा येशूच ‘प्रेम’ म्हणतो. इतकी वर्षं वाचतेय, आत्ता लक्षात आलं! मुद्दाम केलंय का? आणि ते अगापे वगैरे चार प्रकार नेमके काय?

पुणेकर विश्वासी:
मुद्दामच ताई. ग्रीकमध्ये तिथे दोन क्रियापदं आहेत, ‘प्रीती’साठी अगापाओ आणि ‘प्रेम’साठी फिलेओ. चार प्रकार म्हणजे स्तोर्गे घरातली माया, फिलिया मैत्री, एरॉस स्त्रीपुरुषांची ओढ, आणि अगापे म्हणजे समोरच्याची लायकी न बघता केलेली प्रीती. आमच्या चर्चचे पाळक सांगतात, येशू अगापे मागत होता पण येशूच्या अटकेच्या रात्री ‘मी त्याला ओळखत नाही’ असं तीनदा म्हटल्यावर कोंबडा आरवला तेव्हापासून पेत्र इतका खचलेला की मैत्रीच्या वरचं बोलायची हिंमतच नाही, मग शेवटी प्रभूच त्याच्या पायरीवर उतरला.

ग्रीक शिकतोय:
ऐकायला भारी आहे पण मला नाही पटत. योहान हे दोन शब्द आलटून पालटून वापरतो, पित्याची पुत्रावरची प्रीती ३:३५ ला अगापाओ आणि ५:२० ला फिलेओ. प्रेषित पौलाचा सहकारी देमास जगाच्या मोहाने त्याला सोडून गेला (२ तीमथ्य ४:१०) तिथेही अगापाओच, मग त्याला काय दैवी प्रीती म्हणायचं? एरॉस तर नव्या करारात एकदाही येत नाही. त्यापेक्षा विस्तव बघा. पेत्राने नाकारलं तेव्हा अंगणात कोळशांचा विस्तव होता, इथे किनाऱ्यावर पण तोच, वर मासळी भाजतेय. तीनदा नाकारलं, तीनदा विचारलं.

वसईची आत्या:
मला ग्रीक येत नाही बाबांनो. पोप बेनेडिक्ट यांनी २००५ च्या परिपत्रकात म्हटलंय की एरॉस आणि अगापे पूर्ण वेगळे काढता येत नाहीत, ते मला पटतं. आमचं वाडीच्या वाटणीवरून भावाशी आठ वर्षं बोलणं नव्हतं, तो दवाखान्यात पडला तेव्हा मी रोज पेजेचा डबा नेला. माया वगैरे काही वाटत नव्हती हो, रागच होता, पहिले चार दिवस तर डबा टेबलावर ठेवून न बोलता परत यायचे. पाचव्या दिवशी तो म्हणाला मीठ कमी आहे. आता हा कुठला प्रकार ते तुम्ही सांगा 😄

संडेस्कूलवाली ताई:
आत्या, हा डबा मी रविवारी सांगणार, नाव नाही घेणार! आणि येशू पण प्रत्येक उत्तरावर मेंढरं सांभाळायचं कामच लावून देतो की, हे आत्ता जाणवलं. चारची यादी फळ्यावर लिहायचा बेत कॅन्सल, विस्तवापासून सुरुवात करते. फक्त ३:३५ आणि ५:२० वर खूण करून ठेवते, पोरं विचारणारच.