मॅक्स किंगला तिरडीवर बांधणाऱ्यांनो, जरा थांबा

मूरॅबिनचा_वारकरी

काल रात्री इथेच, आपल्या फूटीच्या (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या) गप्पांत, कॉलिंगवूडवाल्या खडूस_मॅगपाय यांनी आमच्या सेंट किल्डा क्लबच्या गोल मारणाऱ्या पोरावर ठोकून दिलं: "मॅक्स किंग संपला. सेंट किल्डाने काचेच्या बरणीला 2032 पर्यंत पगार बांधून दिलाय." खाली दहाबारा जणांनी दात काढले. मी जेवत होतो, घास तसाच राहिला. तिथेच उत्तर दिलं असतं तर तोंडातून नको ते गेलं असतं, म्हणून एक रात्र थांबून वेगळा धागा काढतोय.

पोरगा 2025 मध्ये पंचवीस वर्षांचा झाला. उंची 202 सेंटिमीटर. एवढ्या उंचीचे फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल मारणारे, लोणच्यासारखे असतात, मुरायला वेळ लागतो. टॉम हॉकिन्सला कोलमन मेडल (मोसमात सर्वांत जास्त गोल मारणाऱ्याचं) मिळालं 2020 मध्ये, वय 32. 2025 मध्ये जेरेमी कॅमेरॉनला मिळालं, वय तेच. आणि तुम्ही पंचविशीतल्या पोराच्या तेराव्याचं जेवण सांगून मोकळे!

दुसरं म्हणजे, दुखापत या शब्दाच्या पोत्यात सगळं कोंबू नका. 2018 मध्ये शाळेच्या सामन्यात त्याचं एसीएल (गुडघ्याला आतून धरणारं लिगामेंट) गेलं, तरी ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवी पोरं निवडतात तिथे, चौथ्या क्रमांकावर उचलला. त्यानंतर काय झालं? 2021 मध्ये 38 गोल, 2022 मध्ये 52. म्हणजे गुडघा बांधून झाल्यावर तो दोन वर्षं दणकून खेळलाय. 2023 खांद्याने खाल्लं. 2024 च्या मध्यावर पुन्हा गुडघा, आणि 2025 मध्ये एकही सामना नाही. वाईट आहे, मी आंधळा नाही. पण खांद्याचा राग गुडघ्यावर कशाला?

आम्ही संतांचे (म्हणजे सेंट किल्डाचे) भक्त 2014 चा ड्राफ्ट विसरलेलो नाही. पहिला पॅडी मॅकार्टिन आमच्याकडे, दुसरा पेट्राका मेलबर्नकडे. पेट्राकाचं एसीएल पहिला सामना खेळायच्या आधीच गेलं, 2015 पूर्ण घरी. तेव्हाही कुणीतरी काचेची बरणी म्हटलंच असेल. 2021 च्या ग्रँड फायनलमध्ये त्याच माणसाने 39 वेळा चेंडू मिळवला आणि फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल गळ्यात घातलं. आमच्या पॅडीचं करिअर डोक्याला मार बसून बसून गेलं. कोण टिकणार हे असं दुरून सांगता येत असतं तर आमचा क्लब 1966 च्या एका कपावर अजून जगला असता का?

खडूस_मॅगपाय

वारकरीबुवा, घास राहिला म्हणून माफी. मत मागे घेत नाही.

2023, 2024, 2025. तीन मोसमांतले जेमतेम एक तृतीयांश सामने खेळलाय तो. फॉरवर्ड 32 व्या वर्षी कोलमन जिंकतो कारण 22 ते 32 तो मैदानावर असतो, उपचाराच्या टेबलावर नाही. हॉकिन्सने दहा वर्षं अंग घासलं, मग मुरला. बरणी कपाटात ठेवून लोणचं मुरत असेल, फॉरवर्ड मुरत नाही.

तुम्ही पेट्राका सांगता, मी ॲलेक्स जॉन्सन सांगतो. विसाव्या वर्षी सिडनीकडून 2012 ची ग्रँड फायनल जिंकला. मग पाच वेळा एसीएल नव्याने बसवलं. 2136 दिवसांनी, 2018 मध्ये, परत उतरला. अख्ख्या स्टेडियमचे डोळे भरून आले, माझेही. आणि त्याच्या पुढच्याच सामन्यात दुसऱ्या गुडघ्याचं एसीएल गेलं. अशा कहाण्यांवर रडावं, सहा-सहा वर्षांचे करार करू नयेत.

आणि 2018 चं म्हणाल तर तुमच्या पुढचा, पाचवा, कॉनर रोझी होता. आज पोर्ट ॲडलेडचा कॅप्टन आहे.

अकॅडमीत्रस्त

मूळ मुद्दा कुणी बोलणार आहे की नाही? विल ॲशक्रॉफ्टचंही एसीएल गेलं होतं, जुलै 2023. वर्षभरात परत, 2024 ला नॉर्म स्मिथ, 2025 ला पुन्हा नॉर्म स्मिथ. का? कारण बाप ब्रिस्बेनसाठी शंभराहून जास्त सामने खेळला म्हणून हिरा आयता घरात, आजूबाजूला तसलीच टीम, पोराला घाईने उतरवायची गरजच नाही. आमच्यासारख्या क्लबला एक किंग मिळाला की सगळं ओझं त्याच्याच गुडघ्यावर. फादर-सन (बापाच्या क्लबला पोरगा आधी घ्यायची मुभा) आणि अकॅडमी (क्लबने स्वतः घडवलेला पोरगा आधी घ्यायची मुभा) बंद करा, मग बोला गुडघ्यांवर.

खडूस_मॅगपाय

झालं. याला पावसाचा अंदाज विचारला तरी अकॅडमीच निघते. आणि कॉलिंगवूडला डेकॉस बंधू फादर-सननेच मिळाले, त्यामुळे या विषयावर मी मौन पाळतो.

क्रिकेटपुरता_मी

मला फूटीतलं ओ की ठो कळत नाही, बायको हॉथॉर्न क्लबची चाहती म्हणून इथे आहे. पण पॅट कमिन्स? 2011 मध्ये जोहान्सबर्गला अठराव्या वर्षी पदार्पण, एका डावात 6 बळी. मग पाठीची हाडं चिरत राहिली, आणि पुढची कसोटी थेट मार्च 2017, आपल्या रांचीला. सव्वापाच वर्षं! नंतर कॅप्टन होऊन अहमदाबादला आपल्या नव्वद हजारांची तोंडं बंद केली. तेव्हा कुणी संपला म्हटलं की मला हसू येतं.

मूरॅबिनचा_वारकरी

@क्रिकेटपुरता_मी, लाख बोललात. वहिनींना सांगा, हॉथॉर्न माफ.

फिजिओ_वहिनी

वारकरी, एवढ्यात हुरळू नका. कमिन्सचं उदाहरण इथे बसत नाही. त्याचं दुखणं हाडाचं होतं. कोवळ्या वयात वेगाचा ताण पाठीच्या मणक्यांना झेपत नाही, वय वाढलं की हाड पक्कं होतं आणि चीर पडायची कमी होते. तिथे थांबणं हेच औषध. गुडघ्याला वाढत्या वयाची अशी बक्षिसी नसते.

गुडघ्यातही दोन गोष्टी वेगळ्या धरा, तुटणं आणि झिजणं. एसीएल तुटलं तर हॅमस्ट्रिंगची नाहीतर वाटीखालच्या टेंडनची पट्टी काढून तिथे ओवतात. ती पट्टी आधी कमजोर पडते, मग हळूहळू लिगामेंटचं काम शिकते. म्हणून नऊ महिन्यांच्या आत घाई करणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायची भीती जास्त. पण धीर धरला तर माणूस पूर्ण परततो, पेट्राका, ॲशक्रॉफ्ट ही त्याचीच उदाहरणं. बेली स्मिथही तसाच. 2024 पूर्ण घरी, 2025 मध्ये जिलाँगकडून ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात. झिजते ती कूर्चा, सांध्यातली गादी. तिचं तसं नाही. तिला रक्तपुरवठाच नाही, ती आपली आपण भरून येत नाही.

मी किंगचा एमआरआय पाहिलेला नाही आणि तुम्हीही नाही. पण 2025 मध्ये तारीख कशी सरकत गेली ते आठवा. आधी थोडे आठवडे, मग मोसमाचा मध्य, मग पुढच्या वर्षी. एसीएलचा रुग्ण असा घोळ घालत नाही, त्याचं कॅलेंडर पहिल्या दिवशी भिंतीवर लागतं. तारीख सरकणारा गुडघा मला जास्त घाबरवतो. असा खेळाडू आला की मी गोल विचारत नाही, एकच विचारते: जोरात पळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सूज येते का?

सांगलीचा_रेडर

वहिनी, त्या सुजेवरून माझी जखम उघडी पडली.

मी कबड्डीतला. जत्रेचे सामने, मातीचं मैदान, हॅलोजनचे दिवे. रेड मारून फिरलो, मागून एकाने घोटा धरला, पाय जमिनीत रुतलेला आणि अंग वळलेलं. फट्ट! सुकी काटकी मोडावी तसा आवाज. समोरच्या कोपऱ्यातल्या पोरालाही ऐकू आला. दोन मिनिटं लोळलो, उठलो, चालता आलं, म्हणून पुढची रेड मारली! पॉइंटही आणला. सकाळी गुडघ्याचं कलिंगड. आठ दिवस तेल लावून मालिश, गावातल्या डॉक्टरांनी "मुरगळलंय" म्हणून पट्टी बांधली. पुढे सहा महिने मी खेळत होतो. मग एके दिवशी एसटीतून उतरताना गुडघा सटकला तो सटकलाच. आज वय 43, इथे मेलबर्नच्या पाकनममध्ये घर घेताना जिना नसलेलं शोधलं.

तर खडूसराव, तो पोरगा एक वर्ष बाहेर बसला याला तुम्ही नाजूकपणा म्हणता. मी म्हणतो, त्याला थांबवणारं कुणीतरी होतं.

खडूस_मॅगपाय

रेडर, वाईट वाटलं, मनापासून. पण थांबवणारे भले असले म्हणून गोल होत नाहीत.

आई_पॉइंटकुकची

तुमच्या भांडणात पडत नाही, पण मला हे महत्त्वाचं आहे. माझी लेक चौदा वर्षांची, दोन वर्षं फूटी खेळतेय. गेल्या महिन्यात तिच्या टीममधल्या मुलीचं एसीएल गेलं. कुणी हात लावला नव्हता, नुसती मार्क घेऊन (उडून चेंडू झेलून) खाली आली. तेव्हापासून नाशिकहून सासूबाईंचा रोज फोन, "मुलीला काढ त्यातून." मुलींचे गुडघे जास्त जातात हे खरं का?

फिजिओ_वहिनी

खरं आहे, मुलींमध्ये प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त. कारणं बरीच: शरीररचना, खाली उतरताना गुडघा आत वळणं, आणि मुलग्यांसारखं सहाव्या वर्षापासून उड्या मारायला कुणी शिकवलेलं नसणं. यातलं शेवटचं आपल्या हातात आहे. फूटीचा "प्रेप टू प्ले" नावाचा सराव आहे, मुद्दाम मुली-बायकांसाठी केलेला. खेळाआधी उड्या, एका पायावर उतरणं, वळणं. कोच करून घेतो का विचारा.

खडूस_मॅगपाय

किंवा सरळ स्विमिंगला घाला. बॅडमिंटन आहे. एवढ्या लांब येऊन, लाखाचं घर करून, पोरीचे गुडघे चिखलात घालायची काय हौस?

आई_पॉइंटकुकची

गुडघा माझ्या मुलीचा, तुम्ही का लंगडताय?

बॅडमिंटनला एसीएल जात नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? आपल्या लोकांचं हेच. मुलगा असला की क्रिकेट, मुलगी असली की भरतनाट्यम, दोघांना शनिवारी सिलेक्टिव्ह स्कूलची ट्यूशन. शनिवार-रविवार तिकीट काढून ऑसींची पोरं बघायला एमसीजीला जाणार, घसा बसेपर्यंत ओरडणार, मफलर घेणार. आपलं पोर बूट घालून उतरलं की "दुखापत होईल गं." मग दुसऱ्याच्या पोराला काचेची बरणी म्हणायचं.

अकॅडमीत्रस्त

ताईंचं बरोबर. शिवाय अकॅडमीत...

सांगलीचा_रेडर

ए गप रे.

ताई, मला दोन मुली. कबड्डीचं नाव काढू दिलं नाही मी त्यांना. आवाज अजून कानात आहे, म्हणून. तुमचं वाचून जरा लाज वाटली, एवढंच. उत्तर नाही माझ्याकडे.

खडूस_मॅगपाय

मला इथे राक्षस का बनवताय? माझा मुलगा अंडर-12 खेळतो. बायकोच त्याला नेते, मी गाडीत बसून असतो. तो मार्कसाठी उडाला की मला बघवत नाही. झालं समाधान?

आई_पॉइंटकुकची

आधी सांगायचं ना मग. सगळ्यांना स्विमिंगचे सल्ले देण्यापेक्षा.

मूरॅबिनचा_वारकरी

माझ्या धाग्याचा पालकमेळावा झालेला पाहून धन्य झालो. किंग कुणाला आठवतोय का?

वहिनी, तारखा सरकण्याचं तुमचं म्हणणं लागलं मला. रात्री दोनदा वाचलं. कमिन्सचं उदाहरण मागे घेतो (माझं नव्हतंच, हॉथॉर्नच्या जावयाचं होतं). 2032 चा आकडा मलाही आवडत नाही, लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही.

पण एक सांगतो. ऑगस्ट 2022, शुक्रवारची रात्र, मार्व्हल स्टेडियमवर ब्रिस्बेनविरुद्ध. मी गोलमागेच तिसऱ्या रांगेत. पोराने पाच बिहाइंड मारले (गोल थोडक्यात हुकला की मिळतो तो एक गुण), गोल शून्य, आम्ही हरलो. शेवटच्या एका किकनंतर त्याने मोजे वर ओढले, खाली बघितलं, आणि माझ्या मागचा माणूस त्याला आईवरून बोलला. पुढच्या चेंडूला तोच पोरगा पुन्हा तीन जणांच्या डोक्यावरून उडाला. धडधाकट अंगाने, भर गर्दीत तो पाच वेळा चुकला आणि सहाव्यांदा उडाला, हे मी पाहिलंय. त्याच्या गुडघ्याबद्दल मला खात्री नाही, तुमच्यासारखीच. उडण्याबद्दल आहे.

खडूस_मॅगपाय

शून्य-पाचची मॅच कौतुक म्हणून सांगणारा जगातला पहिला माणूस. फक्त सेंट किल्डातच घडतं.

ठीक. "संपला" हा शब्द मागे. "उधारीवर" म्हणतो. 2026 मध्ये सलग दहा सामने खेळला तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तुमचा लाल-पांढरा-काळा मफलर गळ्यात घालून आरतीला उभा राहीन.

मूरॅबिनचा_वारकरी

सलग दहा? आठ करा.

खडूस_मॅगपाय

बघा, तुमचाच विश्वास नाही.

मूरॅबिनचा_वारकरी

... दहा.

आई_पॉइंटकुकची

वहिनी, कोचशी बोलले. मंगळवारपासून करून घेणार आहेत, साडेपाचला. खडूसराव, तुमचं घर त्याच बाजूला ना? मुलाला घेऊन या. गाडीतून उतरावं लागेल.

खडूस_मॅगपाय

पाऊस नसेल तर.