मिरचीतली मर: स्यूडोमोनास, बॅसिलस नेमकं कधी आणि कसं द्यायचं?

काळंरान
दीड एकर भारी काळी जमीन, सामू (पीएच) ८.१. जूनअखेर मिरची लावायची आहे. बेड ५ फुटांवर, दोन रोपांत दीड फूट, ठिबक आणि काळा-चंदेरी मल्चिंग पेपर. याच रानात गेल्या हंगामात ऑगस्टच्या झडीनंतर सखल कोपऱ्यातली झाडं मरायला लागली आणि मर ओळीओळीने पुढे सरकत गेली. कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची आळवणी करूनही (द्रावण मुळाशी ओतूनही) थांबली नाही. यंदा सुरुवातीपासून मुळांचं रक्षण करणारे उपयुक्त जिवाणू, म्हणजे स्यूडोमोनास किंवा बॅसिलस, वापरायचे आहेत. रोपं ट्रेमध्ये घरीच करणार आहे. स्यूडोमोनास घ्यावं की बॅसिलस? किती आणि केव्हा? ठिबकमधून चालतं का? रासायनिक बुरशीनाशकं पूर्ण बंद करावी लागतील का?

गादीवाफा
भाऊ, मात्रेच्या आधी वेळ ठरवा. चांगल्या जिवाणू पावडरीच्या एका ग्रॅममध्ये १० कोटी जिवंत जिवाणू असतात (लेबलवर दहाचा आठवा घात लिहिलेला असतो). आकडा मोठा वाटतो, पण तुमच्या रानातल्या ग्रॅमभर मातीत आधीच तेवढे किंवा त्याहून जास्त जिवाणू आहेत. लागवडीनंतर महिन्याने मोकळ्या रानात टाकलेली पावडर त्या गर्दीत हरवते. ट्रेमधल्या कोकोपीटात स्पर्धा फार कमी असते. पहिलं मूळ फुटतं तेव्हाच त्यावर जिवाणूंची वस्ती बसते आणि ते मूळ वस्तीसकट शेतात जातं. म्हणून पहिला खर्च ट्रेवर करा.

तुमच्या अंतराने दीड एकरात सुमारे ८,७०० रोपं बसतात. तूट धरून ९८ कप्प्यांचे १०० ट्रे लागतील. ट्रेला साधारण सव्वा किलो कोकोपीट, म्हणजे एकूण १२५ किलो. त्यात किलोला १० ग्रॅम या हिशेबाने सव्वा किलो स्यूडोमोनास फ्लुरोसन्स मिसळा. कोकोपीट मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी निथळू नये, इतपत ओलं असू द्या. भरलेले ट्रे सावलीत ठेवा. संकरित बियाणं बहुतेक थायरम हे बुरशीनाशक लावून रंगीत आलेलं असतं. त्यावर पुन्हा जिवाणू चोळण्यात अर्थ नाही, ते कोकोपीटातच द्या. साधं बियाणं असेल तर किलोला १० ग्रॅम पावडर थोड्या गार भातपेजेत कालवून चोळा आणि सावलीत सुकवा.

रोपं कोलमडण्यामागे पिथियम आणि रायझोक्टोनिया हे मातीतले रोगकारक असतात आणि त्यांना जादा पाणी हवं असतं. सकाळी एकदा पाणी द्या, संध्याकाळपर्यंत वरचा थर कोरडा व्हायला हवा. हे पाळलं नाही तर कुठलाही जिवाणू रोप वाचवू शकणार नाही.

लागवडीच्या दिवशी १० ग्रॅम प्रति लिटर द्रावणात ट्रे २० ते ३० मिनिटं ठेवा, मुळांचा गड्डा पूर्ण भिजला पाहिजे. त्यानंतर १५ दिवसांनी ५ ग्रॅम प्रति लिटर, रोपाला १०० मिली आळवणी. एकरी ५,८०० रोपं धरली तर ५८० लिटर पाणी आणि जवळपास ३ किलो पावडर. पुढची आळवणी झड सुरू होण्याआधी. झडीत दिलेलं द्रावण चिबाडात वाया जातं.

स्यूडोमोनास की बॅसिलस? माझं मत: ट्रेमध्ये स्यूडोमोनास, बेडमध्ये बॅसिलस सबटिलिस. स्यूडोमोनास मुळावर झपाट्याने पसरतो, पण बीजाणू करत नाही. ४१ अंशांना त्याची वाढ थांबते, कोरडेपणा आणि ऊनही सोसत नाही. बॅसिलस बीजाणू करतो, त्यामुळे बेड तापले किंवा वाळले तरी तग धरतो आणि ओल मिळाली की पुन्हा वाढतो. इटुरिन आणि फेंजायसिन ही त्याची द्रव्यं बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतात.

तुमच्या ८.१ सामूचा एक फायदाही आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह आधीच कमी उपलब्ध असतं. स्यूडोमोनास लोह ओढून घेणारी संयुगं सोडतो आणि मुळाजवळ बुरशीला लोह मिळू देत नाही. लोहाची टंचाई असते तिथेच ही चढाओढ जास्त चालते.

सूक्ष्मदर्शी
गादीवाफांच्या मात्रा बरोबर आहेत, पण मर कशाची हे आधी पाहा. सगळ्यावर एकच औषध चालत नाही.

नुकतंच सुकायला लागलेलं झाड उपटा. खोडाचा खालचा दोन इंची तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगून धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधी धागे उतरले तर ती राल्स्टोनियाची जिवाणूजन्य मर. यात झाड पिवळं न पडता हिरवंच मान टाकतं. अशा रानात मिरची, टोमॅटो, वांगी, बटाटा पुन्हा लावू नका.

धागे नसतील तर खोड उभं चिरा. आतून तपकिरी रेषा आणि खालची पानं आधी पिवळी, तर फ्युजेरियम बुरशी. जमिनीलगत खोडावर काळपट, पाणी धरलेला पट्टा आणि मर पाण्याच्या उताराने सरकलेली, तर फायटोप्थोरा. बुंध्यावर पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे, तर स्क्लेरोशियम. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मातीतले अतिसूक्ष्म कृमी). त्यांनी केलेल्या जखमांतून फ्युजेरियम सहज आत जातो, त्यामुळे दोन्हींचा बंदोबस्त लागतो.

तुमच्या वर्णनावरून फायटोप्थोराचा संशय जास्त आहे. लिओनियन यांनी १९२२ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या मिरचीवर नोंदवलेला फायटोप्थोरा कॅप्सिसी काटेकोरपणे बुरशी नाही. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहतात. म्हणून सखल कोपऱ्यात चर काढा आणि बेड किमान एक फूट उंच ठेवा. ते न करता दिलेले जिवाणू फार तर मर लांबवतील. आणि एकदा मान टाकलेलं झाड जिवाणूंनी परत येत नाही. ते मातीसकट काढून रानाबाहेर न्या.

काळंरान
चर काढून घेतो. २०० लिटरच्या ड्रममध्ये २ किलो गूळ आणि १ किलो पावडर घालून आठवडाभर वाढवतात, ते करावं का? आणि कॉपरचं काय?

गादीवाफा
गुळाचा ड्रम नको. विहिरीचं पाणी, उघडं तोंड आणि गूळ म्हटल्यावर त्यात हवेतलं, पाण्यातलं सगळंच वाढतं. आठ दिवसांनी स्यूडोमोनास किती उरला हे डोळ्यांना कळत नाही. आंबूस वास आला तर बहुधा दुसऱ्याच जिवाणूंनी ताबा घेतला आहे. त्याऐवजी शेणखत वापरा. एकरी २ किलो बॅसिलस पावडर १०० किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळा, मुठीच्या परीक्षेइतकी ओल ठेवा आणि सावलीत ओल्या गोणपाटाखाली १० ते १५ दिवस झाका. दर चार दिवसांनी उलथा. ढीग हाताला गरम लागला तर खत अर्धकच्चं आहे, आणखी कुजू द्या. मग पेपर अंथरण्याआधी बेडमध्ये मिसळा.

ठिबकमधून टाल्कची (शंखजिऱ्यात मिसळलेली) पावडर देऊ नका, ती विरघळत नाही आणि ड्रिपर बुजतात. द्रवरूप उत्पादन एकरी १ ते २ लिटर घ्या. वाफशावर (माती ओलसर पण चिखल नसताना), संध्याकाळी. आधी अर्धा वेळ साधं पाणी, मग व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात द्रावण ओढून घेणाऱ्या नळीतून) जिवाणू, शेवटी १० मिनिटं साधं पाणी. टाकीत फॉस्फरिक ॲसिड किंवा लाइन धुण्याचं क्लोरीन शिल्लक नको. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवा.

कॉपर आणि स्ट्रेप्टोमायसिन हे दोन्ही जिवाणूंना मारतात. दुकानात मर म्हटलं की हीच जोडी हातात मिळते. ती आळवणी केली तर किमान १५ दिवस थांबून जिवाणू पुन्हा द्यावे लागतील, म्हणजे दोन्हीचा खर्च. बाकी रसायनं सरसकट बंद करायची गरज नाही. फायटोप्थोरा ठरला तर रोगट जागेभोवती मेटालॅक्झिल या बुरशीनाशकाची आळवणी करा, तो स्यूडोमोनासला फारसा अपाय करत नाही. त्यात मॅन्कोझेब हे दुसरं बुरशीनाशक मिसळलेलं असेल तर आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा. पानांवरची फवारणी जमिनीवर ओघळत नसेल तर मुळांवरच्या जिवाणूंना तिचा त्रास नाही.

सूक्ष्मदर्शी
खरेदीबद्दल थोडं. उत्पादनाची तारीख आणि सीएफयूचा (जिवंत जिवाणूंच्या संख्येचा) आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका. टाल्कमधला स्यूडोमोनास तीन-चार महिन्यांच्या आतला असावा. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात दारापाशी रचलेला बॉक्स घेऊ नका, तारीख ताजी असली तरी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स (उपयुक्त सूक्ष्मजीवांचं मिश्रण) जवळ मिळत असेल तर तेही पर्याय आहे. त्यात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशीही असते, त्यामुळे त्याच्या मागेपुढे कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी नको.

आणि दोन बेड जिवाणू न देता ठेवा. एक सखल बाजूला, एक उंचावर. दर आठवड्याला त्या बेडमधली आणि शेजारच्या बेडमधली मेलेली झाडं मोजून वहीत लिहा, पावसाच्या तारखांसकट. ऑक्टोबरमध्ये तेच आकडे इथे टाका, पुढच्या वर्षीची मात्रा त्यावरून ठरवता येईल.