कॅथेड्रलचा नाताळ आणि फडावरचा नाताळ

गोदाकाठ:
जय ख्रिस्त मंडळी. मराठवाड्याचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा कॅथोलिक मुलूख, १९७७ साली वेगळा झाला, तेव्हापासून संभाजीनगरचं संत फ्रान्सिस द सेल्स कॅथेड्रल हे बिशपांचं मुख्य चर्च, आपल्या सगळ्यांचं मातृमंदिर. पण नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे मुख्य उपासनेला, तिथं असतं कोण? शिक्षक, नोकरदार, त्यांचे पाहुणे. बीड-जालन्याकडची आपली ऊसतोड जोडपी मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्याला जातात, ती मार्च-एप्रिललाच घरी येतात. पहाटे अंधारात कोयता हातात घेणाऱ्या बाईला रात्री बाराची मिस्सा कशी झेपावी? माझं म्हणणं एवढंच, की बिशपांनी एक नाताळ पालांवर करावा. कॅथेड्रलची मिस्सा व्हिकार जनरल, म्हणजे बिशपांच्या वतीनं कारभार बघणारे फादर, घेतील.

छावणीकर:
कल्पना झकास, पण कायदा आडवा येतो. चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन ३९५ वाचा: नाताळ, पवित्र आठवडा, ईस्टर, पेन्टेकॉस्ट आणि ख्रिस्तशरीराचा सण, या दिवसांत गंभीर आणि तातडीचं कारण नसेल तर बिशपांनी धर्मप्रांताबाहेर असू नये. आपली बहुतेक माणसं जातात सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर या भागांत. ती हद्द दुसऱ्या बिशपांची.
आणि कॅथेड्रलात तुम्हाला फक्त नोकरदार दिसतात? मागच्या बाकांकडं बघा की. वाळूजच्या कंपन्यांतली कंत्राटी पोरं, घाटी दवाखान्यात पेशंटजवळ रात्र काढून आलेल्या बाया. तीही गावाकडचीच आहेत. शहरात त्यांचं हक्काचं ठिकाण तेवढंच.

गोदाकाठ:
हद्दीचं कारण मला पटत नाही. ज्यांच्या नावानं आपलं कॅथेड्रल उभं आहे, ते संत फ्रान्सिस स्वतः जिनिव्हाचे बिशप. पण जिनिव्हा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या लोकांच्या ताब्यात, कॅथेड्रलसुद्धा त्यांच्याकडंच. १६०२ ते १६२२, मरेपर्यंत वीस वर्षं, त्यांनी जवळच्या ॲनेसी शहरातून कारभार केला. त्याच्याही आधी, तरुण धर्मगुरू असताना, जिनिव्हाजवळच्या शाब्ले भागाच्या डोंगरात पायी हिंडले. प्रवचनाला कुणी येईना, तर पत्रकं लिहून लोकांच्या दाराखालून सरकवली. आपण त्यांचा सण साजरा करतो आणि त्यांचं हिंडणं तेवढं विसरतो.

छावणीकर:
अर्धंच सांगितलंत. ॲनेसीत ते काय झाडाखाली बसले नव्हते. फ्रान्सिस्कन साधूंचं चर्च होतं, तिथंच बिशप म्हणून उपासना चालवायचे. आपलं कॅथेड्रल हातचं गेलं, तरी बिशपाला एक वेदी लागतेच, लोकांना ठाऊक असलेली.

तेरणेचं पाणी:
तुमचा नाताळ बाजूला ठेवा, मला पवित्र तेलांच्या मिस्सेचं बोलायचंय. रुग्णांचं तेल, बाप्तिस्मा घेऊ पाहणाऱ्या दीक्षार्थींचं तेल आणि क्रिझमा हे अभिषेकाचं सुगंधी तेल, तिन्ही बिशप त्या दिवशी सिद्ध करतात आणि सगळे फादर आपली वचनं पुन्हा देतात. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारची ही मिस्सा धर्मगुरू आणि लोकांच्या सोयीसाठी त्याच्या अलीकडच्या दुसऱ्या एखाद्या दिवशी घेता येते. लातूर-नांदेडहून अडीचशे किलोमीटरच्या वर अंतर. फादर गाडीनं येतात, लोक राहतात घरी. कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, तोवर बहुतेक परतलेली असतात, म्हणून लोकांना जमण्यासारखा हाच मोठा सोहळा. प्रत्येक धर्मग्रामानं एक जीप भरून माणसं आणावीत, आणि आपल्या गावाची तेलाची कुपी त्यांनीच हातात घेऊन जावी. मग कॅथेड्रल आपलं आहे हे कुणाला पटवून द्यावं लागणार नाही.

मोसंबीबाग:
तुम्ही सगळे बिशप कुठं असावेत यावरच भांडायलेत. आमचे सासरे कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारे, होते. कारखान्यावर कुठले फादर! ट्रॉलीच्या फळीवर धुतलेलं धोतर अंथरायचं, वर क्रूस, बॅटरीचा उजेड. बाया वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, भाऱ्यावर बसून भजनं म्हणायच्या. लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळांचा उतारा वाचायचे, कारण तेपण रात्री रानातच होते. मिस्सा नव्हती ती, ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) नव्हतं, आणि याची खंत सासऱ्यांना शेवटपर्यंत होती. पण नाताळ झाला, असंच सगळे म्हणायचे.
पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली कॅटेकिस्टच्या सेवेला रीतसर दर्जा दिला. बाईलाही ती सेवा मिळू शकते. मग कॅथेड्रलच्या वेदीसमोर, बिशपांच्या हातून, टोळीबरोबर जाणाऱ्या दोन-चार जणींना ती का देऊ नये? दसऱ्याच्या आधी, निघण्यापूर्वी.

छावणीकर:
ताई, याला माझी हरकत नाही. पण बिशपांना शहरातून हलवा, हा मूळ मुद्दा मी अजूनही खोडतो.

गोदाकाठ:
आणि मी तो सोडत नाही. सेवा द्या, जरूर द्या, पण त्यानं ख्रिस्तशरीराचा प्रश्न सुटत नाही. मोसंबीबाग यांनीच सांगितलं. बिशप नाही तर निदान एक मराठी बोलणारा फादर डिसेंबरभर टोळ्यांमागं फिरू द्या. तिथल्या बिशपांना आधी पत्र टाकलं की हद्दीचा अडथळाही राहत नाही.

तेरणेचं पाणी:
डिसेंबरात फादर सोडणार कोण? शाळेचं गॅदरिंग असतं त्यांना.