शाळेच्या पोषण आहाराच्या ओतीव पातेल्यात शिसं असेल का, कुठे तपासून मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी जि.प. शाळेत दुसरीला आहे आणि यंदा मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शाळेत खिचडी, आमटी, उसळ सगळं जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) दोन पातेल्यांत शिजतं, एक पत्र्याचं आहे त्याचं काही नाही, पण दुसरं मोठं ओतीव, जाडजूड, आतून खडबडीत, त्यावर ना कंपनीचं नाव ना आयएसआय मार्क. स्वयंपाकाच्या ताई म्हणाल्या की भंगार वितळवून भांडी ओततात त्यांच्याकडून वजनावर घेतलंय. आता भंगारात इंजिनाचे पार्ट, रेडिएटर, काय वाट्टेल ते येतं. परवा आत वाकून बघितलं तर आमटी जिथपर्यंत येते तिथपर्यंत धातू पांढुरका पडलाय आणि बारीक खड्डे पडलेत, आणि आमटीत रोज चिंच किंवा टोमॅटो असतोच.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) अ‍ॅल्युमिनियम, पितळ, हिंडालियमच्या (हाही अ‍ॅल्युमिनियमचाच मिश्रधातू) काही आयात भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं असा इशारा दिला तेव्हापासून डोक्यात हेच आहे. त्याआधी सिएटलकडे अफगाण निर्वासितांच्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त निघालं, तेव्हा त्यांच्या घरचे अ‍ॅल्युमिनियमचे कुकर तपासले तर त्यातून शिसं सुटत होतं. शिशाला चव नाही, वास नाही, आणि लहान मुलांच्या पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट अंगात शोषलं जातं, त्यात आमच्याकडे निम्म्या पोरांना रक्त कमी, लोह कमी असलं की अजूनच जास्त.

ताईंचा यात काडीचाही दोष नाही, त्यांच्यावर बोट यायला नको. घरी करायची किट चालेल का? आणि नवीन पातेल्यासाठी पैसे कुठून मागायचे? मुख्याध्यापक म्हणतात तक्रार नको, पुरावा आणा.

प्रतिसाद:
ताई, किटच्या भरवशावर राहू नका, भांड्यातून अन्नात किती शिसं उतरतं ते त्यात कळत नाही. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबला फोन करून लीचिंग टेस्ट करतात का विचारा, भांड्यात ४ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ठेवून त्यात उतरलेलं शिसं मोजतात. एक्सआरएफ मशीनने (क्ष-किरणांनी धातू तपासणारं यंत्र) धातूत शिसं आहे का तेवढं कळतं. पण रिपोर्टची वाट बघत बसू नका, आंबट काहीही त्यात शिजवणं आजच बंद करा आणि उरलेलं त्यात ठेवू नका.

पैशाचं म्हणाल तर पोषण आहारात भांड्यांसाठी वेगळी तरतूद आहे, पटसंख्येप्रमाणे १० ते २५ हजार, आणि दर पाच वर्षांनी बदलायलाही मिळतात. तक्रार म्हणून नको, समितीच्या सभेत "जुनी भांडी बदलून स्टीलची घेणे" असा ठराव घ्या आणि मुख्याध्यापकांच्या सहीने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्यायला विसरू नका. आणि हो, जुनं पातेलं भंगारात विकू नका, परत कुणाच्या तरी चुलीवर जाईल.