मदत हवी आहे: ‘व्हिटल्स’ या जुन्या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावे?

नमस्कार. अठराव्या शतकातील ब्रिटिश नौदलावरील एका लेखाचा अनुवाद करताना मी एका शब्दापाशी अडलो आहे. त्याचे स्पेलिंग व्ही-आय-सी-टी-यू-ए-एल-एस असे असले तरी उच्चार मात्र ‘व्हिटल्स’ असा होतो. मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि पुढे विद्वानांनी लॅटिन मूळ दिसावे म्हणून त्यात ‘सी’ घातला. बोलणाऱ्यांनी त्याची दखलच घेतली नाही, हे मला फार आवडले.

शब्दाचा ढोबळ अर्थ अन्न किंवा खाद्यसामग्री. परंतु नौदलात खलाशांना दररोज मिळणारे १ पौंड बिस्किट, १ गॅलन बिअर आणि ठरावीक वारी मिळणारे खारवलेले मांस, म्हणजे मोजून दिलेला पुरवठा, असा त्याचा नेमका रोख आहे. त्यामुळे ‘अन्न’ फार मोघम वाटते. ‘रसद’ म्हटले की लष्करी हालचाल डोळ्यांसमोर येते. ‘शिधा’ सर्वांत जवळचा वाटतो, पण शिधा कोरडा असतो, त्यात बिअर कशी बसवावी?

दुसरी शंका अशी की, ब्रिटनमध्ये परवानाधारक मद्यगृहचालकाला आजही ‘लायसन्स्ड व्हिटलर’ म्हणतात. तेथे हा शब्द औपचारिक आहे, तर एरवी घरगुती बोलण्यात तो जुनाट, काहीसा गमतीचा वाटतो. हा फरक सांभाळणारा एकच मराठी शब्द आहे का, की संदर्भानुसार दोन वापरावेत? जाणकारांनी उदाहरणासह सांगितल्यास आभारी राहीन.