संत्र्याच्या सालीने पाण्यातलं शिसं ५ मिनिटांत ९७ टक्के निघतंय. खरं मानायचं का?

कोरडीसाल:
बी.टेक.चा प्रकल्प आहे. साल उन्हात वाळवून मिक्सरमधून काढली, ०.१ मोलर कॉस्टिक सोड्यात २ तास भिजवून दोनदा धुतली. कॉलेजच्या बोअरच्या पाण्यात लेड नायट्रेटचं ५० मिग्रॅ/लि. द्रावण केलं. १०० मिलीत १ ग्रॅम भुकटी टाकली तर ५ मिनिटांत ९७ टक्के शिसं गेलं, २ तासांनी ९८. गाइड म्हणतात निकाल छान आहे, मला मात्र पटत नाहीये. तीच भुकटी काचेच्या नळीत भरली तर अर्ध्या तासात पाणी उतरायचंच थांबतं. आणि हिंगणा एमआयडीसीतल्या क्रोम प्लेटिंगच्या पाण्याला हे चालेल का?

ढवळणी:
शंका रास्त आहे. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतंच; लेड नायट्रेट पडलं की कार्बोनेट होऊन खाली बसतं. वर साल दोनदाच धुतलेली, म्हणजे कॉस्टिक उरलेलं. शिसं सालीला चिकटण्याऐवजी गाळणकागदावर अडकतंय, म्हणून वेळेने काही फरक पडत नाही.

डिस्टिल्ड पाणी घ्या. लिटरला १.६ ग्रॅम लेड नायट्रेट म्हणजे १००० मिग्रॅ/लि. शिशाचं मूळ द्रावण (स्टॉक), त्यातले ५० मिली लिटरभर करा. पीएच ५ ठेवा, तोही सौम्य नायट्रिकनेच. सल्फ्युरिक वापरलंत तर लेड सल्फेट बसेल, फॉस्फेट बफरचं तर नावच नको. साल धुतलेलं पाणी पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत धुवा. भुकटी टाकल्यावर १० मिनिटांनी पीएच परत बघा, हमखास वर सरकलेला असतो.

तीन फ्लास्क एकदम लावा: साल आणि शिसं, नुसतं शिसं, नुसती साल. दुसऱ्यात शिसं घटलं तर दोष द्रावणाचा किंवा कागदाचा. गाळताना पहिले १० मिली फेकून द्या. गाळलेला नमुना नायट्रिकने पीएच २ खाली आणा, नाहीतर शिसं बाटलीलाच धरतं.

आणि टक्के सोडा. तुमच्या मात्रेत सगळं शिसं गेलं तरी क्षमता (एक ग्रॅम साल किती शिसं धरते) ५ मिग्रॅ/ग्रॅमच्या वर दिसूच शकत नाही. ०.२ ग्रॅम घ्या. ५० चे ४ उरले तर (५० − ४) × ०.१ ÷ ०.२ = २३ मिग्रॅ/ग्रॅम. हा आकडा लिहिण्याजोगा.

नळीवाला:
नळी तुंबणारच, मिक्सरमधून पीठ निघालंय. चाळून ०.५ ते १ मिमीचे कण घ्या, त्याहून बारीक बाजूला काढा. ऊन सोडा, ६०-७० अंशांवर ओव्हनमध्ये २४ तास ठेवा. जाड साल उन्हात आतून ओली राहून बुरशी धरते. ज्यूसवाल्याकडून आणत असाल तर मोसंबीची साल वेगळी काढा.

पाणी लागलं की साल फुगते आणि पेक्टिन (सालीतला चिकट पदार्थ) सुटून चिकट होतं. कॉस्टिक निथळल्यावर कॅल्शियम क्लोराइडमध्ये (निर्जल, लिटरला २२ ग्रॅम) रात्रभर ठेवा, मग धुवा. कॅल्शियम पेक्टिनला बांधून ठेवतं, पिवळं पाणीही कमी येतं. नळीत ओलीच भरा. २५ मिमी व्यास, ३० सेमी थर म्हणजे सुमारे १४७ मिली; पाणी १५ मिली प्रति मिनिट, खालून वर सोडा.

कोरडीसाल:
कॅल्शियमने जागा भरल्या तर शिसं कुठे बसणार?

नळीवाला:
कॅल्शियमला हटवूनच बसतं, शिशाची पकड जास्त घट्ट. बाहेर पडणाऱ्या पाण्यात कॅल्शियम मोजा, अदलाबदल दिसेल. पण जड पाण्यात कॅल्शियमचीच गर्दी असते, तिथे क्षमता घटते. ती चाचणी वेगळी लावा.

डायक्रोमेट:
क्रोमचं गणित उलटं आहे. प्लेटिंगच्या पाण्यातलं हेक्साव्हॅलंट (सहा संयुजेचं) क्रोमियम पाण्यात ऋणभारित असतं, पीएच ५ वर सालही ऋणभारित, त्यामुळे जवळ येत नाही. पीएच २ च्या आसपास त्याचं प्रमाण घटतं, पण बरंचसं नुसतं ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेचं) होऊन पाण्यातच राहतं. डायफेनिलकार्बाझाइड फक्त हेक्साव्हॅलंट दाखवतं; त्याचा जांभळा रंग (५४० नॅनोमीटरवर मोजतात) आला नाही म्हणून क्रोमियम गेलं असं समजू नका. एकूण क्रोमियम एएएसवर (धातू मोजायचं अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन यंत्र) बघा. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची मर्यादा हेक्साव्हॅलंटला ०.१ आणि एकूण क्रोमियमला २ मिग्रॅ/लि. आहे.

प्लेटिंगच्या पाण्याला आधी पीएच २-३ वर बायसल्फाइट घालून हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट करा, मग चुन्याने ८.५-९ वर नेऊन गाळ बसवा. साल लावायचीच तर त्यानंतर, उरल्यासुरल्या धातूसाठी, पीएच ५ वर. वापरलेली साल खतात किंवा चुलीत घालू नका, ती घातक कचऱ्यात जाते. त्यासाठी बुटीबोरीला सोय आहे.