मदत हवी आहे: सोल्डर केलेल्या रॅमचा एक कोपरा खराब, बाकीची रॅम वाचवता येईल का?

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आहे, सगळी बोर्डावरच सोल्डर केलेली. जादा स्लॉट नाही. मोठ्या झिप फाइल उघडताना अधूनमधून सीआरसी (फाइल शाबूत आहे का हे ताडणारा आकडा) जुळत नसल्याची एरर यायला लागली. त्याच फाइल दुसऱ्या मशीनवर नीट उघडतात, म्हणून रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवला. एरर सापडल्या, पण एकाच ठिकाणी: हेक्स (१६ च्या पायावरच्या अंकांतला) ॲड्रेस ३४६९०३२८ आणि त्याच्या शेजारचे काही, सगळे ३४६९० ने सुरू होणारे. दर वेळी तोच एक बिट. त्यात १ लिहिला तरी ० वाचला जातो. बाकीच्या रॅममध्ये एकही एरर नाही.

सर्व्हिसवाले म्हणतात, बोर्डच बदला. एका बिटापायी प्रोसेसरसकट चांगला चाललेला बोर्ड भंगारात घालायचा हे मला अजिबात पटत नाही. चिप बनवणारे स्वतः असं करत नाहीत. डीरॅमच्या (कॉम्प्युटरच्या नेहमीच्या रॅमच्या) चिपमध्ये राखीव रो आणि कॉलम, म्हणजे सेलच्या आडव्या-उभ्या ओळी, ठेवलेले असतात. फॅक्टरीतल्या टेस्टिंगमध्ये खराब ओळ सापडली की फ्यूज उडवून तिच्या जागी राखीव ओळ जोडतात आणि चिप पूर्ण क्षमतेची म्हणून विकली जाते. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरचं ४८के मॉडेल घ्या. त्यातली वरची ३२ केबी अशा ६४ किलोबिटच्या चिपांची होती, ज्यांचा निम्मा भाग खराब निघालेला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स त्या ३२ किलोबिटच्या म्हणून विकायची. चांगला अर्धा भाग वरचा की खालचा, हे बोर्डावरच्या एका लिंकने ठरायचं, आणि त्यासाठी आठही चिपा एकाच बाजूच्या लागायच्या. तेव्हा निम्मी चिप वाचवत होते, इथे तर जेमतेम चार केबी सोडायचे आहेत.

मशीनवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही आहेत. तेवढीच जागा बाजूला काढून बाकीची रॅम बिनधास्त वापरता येईल का? ड्युअल चॅनलमुळे (रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटांमुळे) ॲड्रेस दोन चॅनलमध्ये वाटले जातात असं वाचलंय, मग मेमटेस्टने दाखवलेला ॲड्रेस उद्याही तोच राहील ना? आणि मुख्य काळजी ही, की बिघाड पसरत जातो का? ज्यांनी हे करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

वाचवता येईल, आणि तुमची केस त्यासाठी चांगली आहे. एकच बिट, तोच ॲड्रेस, नेहमी ० ला अडकलेला, म्हणजे एखादा सेल किंवा छोटासा तुकडा गेलाय. ॲड्रेस लाइन गेली असती तर एरर सगळीकडे विखुरलेल्या दिसल्या असत्या आणि तिथे हा उपाय चालला नसता.

ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी ४ केबीच्या पानांत मोजते. ४०९६ म्हणजे हेक्समध्ये १०००, म्हणून ॲड्रेसचे शेवटचे तीन अंक गाळले की पान क्रमांक मिळतो. तुमचं पान ३४६९०. विंडोजमध्ये ॲडमिन म्हणून बीसीडीएडिट (बूटची सेटिंग बदलणारी कमांड) चालवून बॅड मेमरी लिस्टमध्ये हाच क्रमांक घाला, पूर्ण ॲड्रेस नाही. लिनक्समध्ये कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) बूट होताना मेममॅप पॅरामीटर द्यायचा: आधी आकार, मग डॉलरचं चिन्ह, मग सुरुवातीचा ॲड्रेस. मी ३४६९०००० पासून ६४ केबी राखून ठेवले असते. सोळा पानं गेली तरी काही बिघडत नाही.

त्या डॉलरला मात्र जपा. ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर) त्याला व्हेरिएबल समजून खाऊन टाकतो. मग कर्नलला नुसता आकार दिसतो, तो त्याला एकूण मेमरीची मर्यादा समजतो आणि मशीन बूटच होत नाही. म्हणून आधी बूट मेनूत ई दाबून, डॉलरच्या आधी एक बॅकस्लॅश देऊन तात्पुरतं करून बघा. जमलं की मगच डीफॉल्ट ग्रबच्या फाइलमध्ये घाला. तिथे डबल कोट्समध्ये तीन बॅकस्लॅश लागतात. बूट झाल्यावर प्रॉक फोल्डरमधली आयओमेम फाइल (मेमरीचा कुठला पट्टा कशासाठी आहे ते दाखवणारी) रूटने, म्हणजे ॲडमिन म्हणून, उघडून तो पट्टा रिझर्व्ह्ड दिसतोय का ते तपासा. हे न तपासता काम झालं असं धरू नका.

ड्युअल चॅनलचं म्हणाल तर, रॅमच्या काड्या अदलाबदल केल्या की ॲड्रेस हलतात. तुमची सोल्डर केलेली आहे, त्यामुळे हलवायला काही नाहीच. बायोस अपडेट केलं किंवा ऑनबोर्ड ग्राफिक्सला दिलेली मेमरी बदलली, तर मात्र पुन्हा मेमटेस्ट लावा.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर आहे, पण पसरण्याच्या प्रश्नावर थोडं सावध राहा. डीरॅमचा सेल म्हणजे इवलासा कपॅसिटर. साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत तो रिफ्रेश (पुन्हा चार्ज) व्हावा लागतो, आणि ८५ अंशांच्या वर तापला तर त्याच्या निम्म्या वेळात, कारण उष्णतेने चार्ज लवकर गळतो. त्यामुळे काही सेल गार मशीनवर पास होतात आणि तापल्यावर नापास. आत्ता एरर नसलेला भाग तापवूनही तपासा: तासभर जड काम चालवा, लगेच रीस्टार्ट करून मेमटेस्ट लावा. एररची जागा तीच राहिली तर मन घट्ट करून वापरा. नवे ॲड्रेस दिसू लागले तर ती चिप खालावत चाललीय, मग बाजूला काढत बसण्यात अर्थ नाही.

कर्नलचा स्वतःचा मेमटेस्ट पॅरामीटरही आहे (मेमटेस्ट८६+ वेगळा). त्याचा सपोर्ट असलेल्या कर्नलमध्ये तो दर बूटला रॅम तपासून खराब जागा आपोआप राखून ठेवतो. तुमच्यासारखा अडकलेला बिट त्याला सापडतो, तापल्यावर चुकणारा सेल बहुधा निसटतो. त्यामुळे मेममॅपला जोड म्हणून ठीक, एकट्याच्या भरवशावर नको.

आणि एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. झिप फाइलमध्ये सीआरसी असतो म्हणून एरर दिसली. फोटो किंवा डॉक्युमेंट सेव्ह होताना बिट पलटला असेल तर कुणीच ओरडलेलं नसेल. जुना बॅकअप असेल तर न बदललेल्या फाइलींचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेले आकडे) त्याच्याशी ताडून घ्या, आणि तोवर त्याच्यावर नवा बॅकअप चढवू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बूट मेनूतून मेममॅप दिला, आयओमेममध्ये ६४ केबीचा पट्टा रिझर्व्ह्ड दिसतोय आणि त्याच झिप फाइल आता बिनतक्रार उघडतात. मशीन तापवून केलेल्या टेस्टमध्येही तेच ३४६९० पान आलं, दुसरं काही नाही. विंडोजमध्ये यादी भरली आहे. आता चेकसमच्या कामाला लागलोय. बॅकअपची डिस्क तूर्त फक्त वाचण्यापुरती जोडली आहे. ज्या फाइली बॅकअपनंतरच्या आहेत, त्यांतल्या जेपीईजी आणि पीडीएफ निदान आतून शाबूत आहेत का, हे एकगठ्ठा तपासायला कुणी काही वापरत असेल तर सांगा.